आधी ट्रिम व्हील, मग ग्राफिक्स कार्ड

घरी फ्लाईट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर, चालू करायचाय, पीसी कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो खुर्ची कसली आहे आणि टेबलाखाली पायाला जागा किती आहे. समोरचा जरा गोंधळतो, त्याला ग्राफिक्स कार्डचा नंबर ऐकायचा असतो, पण मी मनापासून विचारत असतो. घरच्या घरी सेसना १७२ ह्या एका इंजिनाच्या लहान विमानाचं छोटंसं कॉकपिट उभं करताना मला जे कळलं ते हेच, की पैसे आधी हातापायाला लागतात त्या वस्तूंवर घालायचे आणि डोळ्यांना दिसतं त्याच्यावर नंतर. लाखभराचं कार्ड टाकलं की ढग झकास दिसतात, मान्य आहे, पण फायनलवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, स्पीड पडतोय आणि नाक वर चाललंय हे ढग बघून कळत नाही, ते हाताला कळावं लागतं.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. एडविन लिंकने अमेरिकेत १९२९ मध्ये जो ट्रेनर बनवला त्यात बाहेरचं चित्रच नव्हतं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तिथलेच भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने लाकडी विमानासारखा एक डबा तयार केला, आत बसून स्टिक हलवली की डबा त्याप्रमाणे झुकायचा. वरचं झाकण लावलं की समोर फक्त डायल. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची पायलट लोकांची पिढी ढगात काही दिसत नसताना कसं उडवायचं हे त्या डब्यात शिकली. ग्राफिक्स शून्य, पण हात आणि नजर पक्की होत होती.

माझी सुरुवात फ्लाईट सिम्युलेटर २००४ वर झाली, कॉलेजात, मित्राच्या कॉम्प्युटरवर, तीही कीबोर्डने. मग नोकरी, लग्न, लोन, सगळं बंदच पडलं. १८ ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्टचा नवीन सिम आला तेव्हा आपण सगळे घरातच अडकलेलो होतो, मी तो घेतला आणि पहिल्या रात्री पुण्यावरून निघून सिंहगड, राजगड, तोरणा असा फिरत बसलो. तोरणा १४०३ मीटर म्हणजे साधारण ४६०० फूट, तेव्हा पाच हजाराच्या वर राहायचं, आणि ज्या वाटेने पायी चढून घाम गाळलाय ती सोंड वरून बघताना जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. उपग्रहाचे फोटो नेटवरून येत राहतात आणि खाली आपलाच सह्याद्री, आपलंच खडकवासल्याचं पाणी. त्या बाबतीत ह्या सिमला तोड नाही, आणि म्हणूनच तो मी अजून ठेवलाय.

पण शिकण्यासाठी मी बहुतेक वेळ एक्स-प्लेन वापरतो. तो पंख आणि प्रोपेलर ह्यांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर येतोय ते सतत मोजून त्यातून विमान कसं वागेल ते काढतो. ह्यावर लोक भांडतात की नव्या मायक्रोसॉफ्टवाल्यातही फिजिक्स चांगलं झालंय, झालंय हो, पण छोट्या विमानात थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) कमी केल्यावर नाक जसं आपोआप खाली जातं ते मला एक्स-प्लेनमध्ये जास्त पटतं. आणि ज्याला आत्ता एक रुपयाही घालायचा नाही त्याने फ्लाईटगिअर उतरवून घ्यावा, तो फुकट आहे, ओपन सोर्स आहे, दिसायला साधा आहे पण सर्किट मारायला, म्हणजे विमानतळाभोवती चक्कर मारून परत उतरायचा सराव करायला, पुरतो. सेटिंगबद्दल एकच सांगतो, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, तीसवर लॉक करा. कधी साठ कधी पस्तीस असं होत राहिलं की फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक जरा वर उचलताना, हाताचा अंदाज चुकतो, स्थिर तीस कधीही बरा.

आता हार्डवेअर. पहिली जॉयस्टिक ट्विस्टवाली होती, म्हणजे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं उभं पान) मनगट फिरवून. काही महिन्यांनी आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडा किती फिरला ते व्होल्टेजमध्ये सांगणारा भाग, झिजला आणि स्टिक मध्ये सोडून दिली तरी रडर थरथरायला लागला, रनवेवर विमान सरळ धावेना. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की आठवडाभर बरं, परत तेच. सगळे सांगतात डेडझोन वाढव, पण डेडझोन म्हणजे मधल्या भागातली हालचाल सिमला दिसूच द्यायची नाही, आणि विमान तर सगळं त्या मधल्या भागातच उडवायचं असतं! म्हणून आता मी कोणालाही सांगतो की स्टिक किंवा योक (विमानाचं स्टिअरिंग) घेताना हॉल सेन्सरवालं बघा, त्यात लोहचुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना घासत नाहीत त्यामुळे झिजायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी खरेदी रडरचे पेडल. सेसनाचं प्रोपेलर फुल पॉवरवर फिरलं की विमान डावीकडे ओढतं, उजवा पाय द्यावाच लागतो, आणि हे मनगटाने करणं म्हणजे पायाचं काम हाताला सांगणं. पेडल आले पण आमच्या घरात गुळगुळीत टाईल्स, त्यात खुर्ची चाकांची. पेडल दाबला की पेडल पुढे आणि मी मागे. रबराची मॅट घातली, टेप लावला, काही उपयोग नाही. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, ते दारात उभं राहून दोन दिवस बघत होते, मग म्हणाले, "अरे पेडल आणि सीट एकाच फळीवर पाहिजेत, तू दोघांना वेगवेगळं बसवलंस तर पायाने जोर कशावर देणार?" जुन्या बेडच्या प्लायचा तुकडा माळ्यावर होता तो त्यांनीच काढायला लावला, पुढच्या टोकाला पेडल बोल्टने पक्के केले आणि मागे खुर्चीच्या चाकांना अडवायला लाकडी पट्ट्या ठोकल्या. आता मी जेवढा जोर देतो तेवढाच जोर फळीच परत देते, काही हलत नाही. टाच जमिनीवर आणि चवडा पेडलवर ठेव, मांडीने दाबू नकोस, हे पण बाबांनीच सांगितलं. आयुष्यभर त्यांनी पायाने गाडी चालवली, त्यांना विमानातलं काही माहीत नव्हतं पण पेडल काय असतो ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आणि मग ट्रिम. हा विषय मला फार जवळचा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

खऱ्या सेसनात तुम्ही योक मागे ओढून धरलाय, हाताला जोर लागतोय, तर ट्रिमचं चाक फिरवायचं, जोर कमी होत होत शून्य होतो आणि योक जिथे आहे तिथेच राहतो, हात सोडला तरी चालतं. घरच्या योकमध्ये मात्र स्प्रिंग असते आणि तिला एकच जागा माहीत, मधली. त्यामुळे इथे उलटं करावं लागतं, योक मागे धरून ठेवायचा, ट्रिम थोडं थोडं द्यायचं आणि त्याच वेळी योक हळूहळू मध्ये सोडत आणायचा, दोन्ही हातांचा मेळ बसला की विमान जरासुद्धा वरखाली होत नाही. जमतं, पण ट्रिमसाठी बटण वापरलं तर जमत नाही. बटण दाबलं की ट्रिम ठरावीक टप्प्याने पुढे जातं, आपल्याला हवं असतं दोन टप्प्यांच्या मधलं काहीतरी, मग नाक वर, नाक खाली, नाक वर, सगळं सर्किट असंच जातं आणि माणूस म्हणतो सिममध्ये विमान उडवणं फार कठीण. कठीण नाहीये, चाक नाहीये म्हणून तसं होतं.

तयार चाक मिळतं पण बाहेरून मागवायचं म्हटलं की कस्टम धरून किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणून बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत. इलेक्ट्रॉनिक्सचं काही करणाऱ्या पुणेकराला ह्या गल्ल्या सांगाव्या लागत नाहीत, हाताएवढ्या दुकानात भिंतभर डबे आणि काकांना न बघता माहीत की कुठल्या डब्यात काय. साधा पोटेन्शिओमीटर पाऊण फेऱ्यातच संपतो, म्हणजे चाक जरा हललं की ट्रिम भसकन जाणार, मला हवा होता दहा फेऱ्यांचा. काकांनी विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, ते म्हणाले, "मग वायरवाउंड घ्या, दहा के, आणि शेवटच्या टोकाला जोर लावू नका, आतला स्टॉपर नाजूक असतो." सोबत आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेतला, कारण तो युएसबीला लावला की कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. बटणं आणि दिवे खूप जोडायचे असतील तर मेगा घ्यावा, त्याला ५४ डिजिटल पिना असतात, आणि मोबीफ्लाईट नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं तर एक ओळ कोड न लिहिता सगळं सिमला जोडता येतं.

चाक सोसायटीत दरवाज्यांचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडून करून घेतलं. सागवानाचा उरलेला तुकडा, तळहाताएवढी गोल चकती, मध्ये पाव इंची शाफ्टचं भोक. मी म्हटलं कडेला खाचा पाहिजेत. ते म्हणाले कशाला. म्हटलं, न बघता अंगठ्याने फिरवायचंय. त्यांनी चकती हातात घेऊन स्वतःच अंगठ्याने फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मग खोल नको, सोलून निघेल, मी कानसने गोल गोल करून देतो." तसं केलं, वर काळा रंग दिला. ते चाक आता टेबलाखाली थ्रॉटलच्या बरोबर खाली उभं बसवलंय, खऱ्या सेसनात असतं तसंच, मागे फिरवलं की नाक वर आणि पुढे फिरवलं की नाक खाली.

जोडल्यावर पहिल्यांदा आकडा स्थिर राहीना. आर्डुइनो व्होल्टेज शून्य ते १०२३ अशा पायऱ्यांत वाचतो आणि चाक न हलवता आकडा दोन-तीनने नाचत होता, म्हणजे ट्रिम सतत किंचित हलतंय. मधल्या पिनेवरून ग्राउंडला एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, वायर आखूड केली, आणि कोडमध्ये लागोपाठच्या काही आकड्यांची सरासरी घेतली, मग गप्प बसला. दोन-तीन रुपयांच्या त्या कपॅसिटरने जे काम केलं ते मी सगळ्यांना सांगत असतो.

ह्यानंतर सर्किट मारायला बसलो. लोहगाव खरं तर हवाई दलाचा तळ आहे, तिथे कोणी सेसना घेऊन दिवसभर गोल गोल फिरू देणार नाही, पण सिममध्ये देतं, आणि पुणेकराला खालच्या खुणा पाठ असतात हा मोठा फायदा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणून रनवे २८. टेक ऑफ पश्चिमेला, दोन वेळा डावीकडे वळलं की डाउनविंड, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने, खाली कल्याणीनगर, विमाननगर, खराडी आणि उजव्या हाताला मुळा-मुठेचं पात्र. विमानतळाची उंची १९४२ फूट, त्यात हजार मिळवून साधारण तीन हजारावर राहायचं. डाउनविंडला ९० नॉट्स, ट्रिम, हात सोडून बघायचं राहतंय का. रनवेचं टोक खांद्याशी आलं की पॉवर १५०० आरपीएमपर्यंत खाली, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) १० अंश, ट्रिम. बेसवर, म्हणजे रनवेला काटकोनातल्या तुकड्यात, ७५, फ्लॅप २०, ट्रिम. वाघोलीच्या बाजूने फायनलला वळलं की ६५, फ्लॅप ३०, परत ट्रिम. एकदा ट्रिमने ६५ पकडून दिला की विमान तो स्पीड स्वतः सांभाळतं आणि थ्रॉटलने फक्त किती वेगाने खाली जायचं ते ठरवायचं. रनवेशेजारचे चार PAPI दिवे (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे) दोन पांढरे दोन लाल दिसले की तीन अंशाच्या उतारावर आहोत, तीन लाल झाले तर जरा पॉवर. किती फुटाने उतरायचं ह्याचा हिशेब सोपा, जमिनीवरचा वेग गुणिले पाच, ६५ असेल तर मिनिटाला सव्वातीनशे फूट. हे सगळं मी आधीही वाचलं होतं पण चाक आल्यावर पहिल्यांदा असं झालं की डोकं मोकळं राहिलं, बाहेर बघायला वेळ मिळाला. बेसला वळताना डाव्या खांद्यावरून रनवे बघायला साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर पुरतं, मान वळवली की कॉकपिटमधली नजर वळते, हेही फुकट आहे आणि दुसऱ्या मॉनिटरपेक्षा जास्त कामाचं आहे.

मे महिन्यात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. मी सिममध्ये चालू हवामान लावतो, आणि दुपारी पुण्यात ३८ डिग्री असताना विमान रनवे सोडेचना, सकाळी सहज उडत होतं तेच. मग हिशेब केला. पुण्याच्या उंचीला प्रमाण तापमान साधारण ११ डिग्री, त्यापेक्षा २७ जास्त, प्रत्येक डिग्रीला १२० फूट धरून ते विमानतळाच्या उंचीत मिळवले की इंजिनाला आणि पंखांना हवा लागते ती पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी लोहगाववरून निघणं हे तोरण्याच्या माथ्यापेक्षा उंचावरून निघण्यासारखं आहे. तेव्हा मिक्स्चर, म्हणजे हवेत इंधन किती मिसळायचं ते, फुल रिच ठेवून चालत नाही, फुल थ्रॉटल देऊन आरपीएम जास्तीत जास्त मिळेल तिथपर्यंत लीन करायचं, म्हणजे इंधन कमी करायचं. हे शाळेत फिजिक्समध्ये कोणी असं शिकवलं असतं तर काय मजा आली असती.

माझी लेक चेकलिस्ट वाचते. फ्युएल सिलेक्टर? बोथ. मिक्स्चर? रिच. उन्हाळ्यात ती मध्येच थांबून विचारते, "बाबा, आज किती डिग्री आहे?" मला ह्याचा फार आनंद होतो. घरात वेळेचं ठरलेलं आहे, रात्री जेवणं आणि ओटा आवरून झाल्यावर, आणि रविवारी सकाळी बायको रियाजाला बसते तेव्हा. तिचा तानपुरा आणि माझं इंजिन एकाच वेळी चालत नाही म्हणून हेडफोन. व्हॅटसिम ह्या ऑनलाईन नेटवर्कवर जातो तेव्हा तर दारही लावतो, तिथे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात, ती सांगतील ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं असतं, आणि कोणी कंट्रोलर नसेल तर १२२.८ ह्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपणच सांगायचं की आपण कुठे आहोत. आईला सुरुवातीला वाटायचं ऑफिसचा कॉल चालू आहे, ती चहा बाहेरच ठेवायची. आता तिला कळतं, "उतरलास का?" असं विचारूनच आत येते. लाईट जाते अधूनमधून, वळवाच्या दिवसात तर रोजच, म्हणून छोटा युपीएस आहे, तो विमान उतरवण्याइतका चालत नाही पण फ्लाईट सेव्ह करून पीसी नीट बंद करायला पुरतो.

मध्यंतरी ओळखीतून एका फ्लाईंग क्लबात खऱ्या १७२ मध्ये इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसायला मिळालं. काय वेगळं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. सीटखालून सगळं कळतं, विमान खाली जायला लागलं की पोटात आधी कळतं आणि डायल नंतर हलतो, हे घरी कधीच मिळणार नाही. एअरलाईनचे मोठे सिम्युलेटर सहा पायांवर उभे असतात आणि झुकून झुकून कानातल्या तोलाला फसवतात म्हणून तिथे थोडं मिळतं, टेबलावर नाही. ऊन तापलेलं होतं, विमान सारखं उसळत होतं, योकवर हवेचा जोर हाताला येत होता. इन्स्ट्रक्टर दोनदा म्हणाले आत बघू नकोस, बाहेर क्षितिजाकडे बघ, घरी सिमवाल्यांना डायलला चिकटायची सवय लागते ती लगेच दिसते म्हणाले. पण पॉवर कमी करायला सांगितली तेव्हा माझा उजवा हात आपसूक खाली गेला, आणि चाक तिथेच होतं. खाचा माझ्या चाकापेक्षा थोड्या बोथट होत्या. मागे फिरवलं, योकवरचा जोर बोटांतून उतरत गेला, स्पीड बसला. घरी स्प्रिंगशी जुळवून घ्यावं लागतं तेवढं तिथे नव्हतं, उलट सोपं होतं.

परत आल्यावर आधी एक केलं, फायनलवर स्पीडचा डायल कागद लावून झाकला आणि नुसतं नाक क्षितिजाच्या किती खाली आहे आणि इंजिनाचा आवाज ह्यावर उतरायचा सराव चालू केला. लिंकच्या डब्याच्या अगदी उलट आहे हे, तिथे बाहेरचं झाकत, मी आतलं झाकतो, पण मला आत्ता ह्याचीच गरज आहे.

पुढचं डोक्यात आहे ते जेआरडी टाटांचं उड्डाण. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पस मॉथ विमानात टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तो सगळा मार्ग एका इंजिनाच्या छोट्या विमानात, जीपीएस बंद ठेवून, घड्याळ, होकायंत्र आणि किनारा बघत करायचाय. त्याआधी थ्रॉटलचं काम व्हायला हवं. आत्ता स्लाईड पॉट (सरकवायचा पोटेन्शिओमीटर) आहे तो फारच हलका सरकतो, मला सेसनासारखा ओढायचा दांडा हवाय आणि त्याला फिरवून घट्ट करता येईल असा फ्रिक्शन लॉक. मिस्त्री म्हणतात नळाच्या ग्लँडमध्ये दोरी भरतात तसं काहीतरी करता येईल, बाबा म्हणतात पितळी बुश टाक. कोणी असं काही केलं असेल तर काय वापरलं ते नक्की सांगा, फोटो असेल तर फारच बरं होईल.